व्हिडिओ एडिटिंगसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क : यूएसबी घेऊ, थंडरबोल्ट घेऊ की अजून काही?

फावल्यावेळी

नमस्कार मंडळी,

घरच्याघरी व्हिडिओ एडिट करायचा नाद लागलाय आणि लॅपटॉपच्या आतली ५१२ जीबीची जागा कायम भरलेली असते, एक प्रोजेक्ट उडवल्याशिवाय दुसरा उघडता येत नाही अशी गत आहे. म्हणून ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायचं ठरवलंय. फुटेज म्हणाल तर निम्मं मोबाइलचं ४के आणि निम्मं एका मिररलेस कॅमेऱ्याचं, तो १०० एमबीपीएसवर रेकॉर्ड करतो असं मेनूत दिसतं.

लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत, त्यातल्या एकाशेजारी विजेचं चिन्ह काढलंय, आणि एक जुना चपटा निळा यूएसबी. डिस्क बघायला बसलो तर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन २, २बाय२, यूएसबी ४, थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४... डोकंच फिरलं. एकाच साइजच्या दोन डिस्कमध्ये फरक फक्त जोडणीचा आणि किमतीत मात्र जमीन अस्मान.

प्रश्न साधा आहे. थंडरबोल्टवाली घेतली तर एडिटिंग खरंच फास्ट होईल का? फुटेज डिस्कवरच ठेवून तिथूनच एडिट करायचंय, आधी आत कॉपी करा मग परत बाहेर काढा हे नको.

उगाचच

थंडरबोल्ट घ्या. नाव तरी भारी आहे, रेंडर होईपर्यंत बघत बसता येईल.

खटपट्या

उगाचच, गप रे जरा.

फावल्यावेळी, तुमचा प्रश्न केबलचा आहे पण उत्तर डब्याच्या आत आहे. तुम्ही "हार्ड डिस्क" म्हणताय म्हणजे फिरणारी तबकडीवाली, बरोबर? मग ऐका. अडीच इंची पोर्टेबल डिस्क, जी खिशात मावते, ती साधारण ५४०० आरपीएमने फिरते आणि सलग वाचताना सेकंदाला १०० ते १४० एमबी देते. साडेतीन इंची, ७२०० वाली, जिला वेगळा अडॅप्टर लागतो ती १८० ते २५० च्या आसपास. हे पण तबकडीच्या बाहेरच्या कडेला. डिस्क भरत आली की डेटा आतल्या गोलांवर जातो आणि तिथे स्पीड जवळपास निम्म्यावर येतो.

आता यूएसबी ३.०, म्हणजे तुमचा तो निळा पोर्ट, कागदावर ५ जीबीपीएस आणि प्रत्यक्षात ४०० ते ४५० एमबी सेकंदाला. म्हणजे सगळ्यात साधा, २००८ साली आलेला यूएसबी ३.० सुद्धा तुमच्या एका तबकडीला पुरून उरतो. तिला थंडरबोल्ट लावलंत तर ती १३० चे १३१ पण करणार नाही. मारुतीच्या शेपटीएवढी लांबलचक नावं आहेत ती फक्त रस्त्याची रुंदी सांगतात, गाडी किती पळते ते नाही.

नावांचा गोंधळ एकदाच सोडवून टाकतो. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकच, ५ जीबीपीएस. ३.१ जेन २ आणि ३.२ जेन २ एकच, १० जीबीपीएस. ३.२ जेन २बाय२ म्हणजे २०. यूएसबी ४ आला २०१९ ला, २० किंवा ४०. थंडरबोल्ट ३ आणि ४ दोन्ही ४०. जुनी नावं दरवेळी नव्याने बारसं करून ठेवल्यामुळे हा घोळ झालाय, खोक्यावर नाव वाचूच नका, जीबीपीएसचा आकडा शोधा. तो लिहिलेलाच नसेल तर सरळ ५ धरून चाला.

आणि टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्यातून २.० पण जातं आणि थंडरबोल्ट पण जातं.

शंकासुर

एक बाळबोध शंका. ५ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ जीबी नाही का? मग ४०० एमबी कुठून आलं? ९० टक्के कुठे गळतात?

खटपट्या

गळत नाहीत हो. जोडणीचे आकडे बिटमध्ये आणि फाइलचे बाइटमध्ये. आठाने भागायचं. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५. त्यात ५ जीबीपीएसवर दर ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात, म्हणून कमाल ५०० राहतात, आणि बाकीच्या शिष्टाचारात अजून थोडे जातात. १० जीबीपीएसला ही पद्धत सुधारली आहे, १२८ बिटांना १३२, त्यामुळे तिथे जवळजवळ १००० एमबी हाताला लागतात.

कॅमेऱ्याचे १०० एमबीपीएस पण बिटच आहेत. म्हणजे सेकंदाला फक्त साडेबारा एमबी.

शंकासुर

अच्छा!! म्हणजे १०० एमबीपीएसचं फुटेज तर पेनड्राइव्हवरून पण चालेल की मग?

कटपेस्ट

चालेल, एक क्लिप सरळ प्ले केली तर. एडिटिंग म्हणजे सरळ प्ले करणं नाही, गाडी अडते ती तिथेच. मी रोजचं कामच हे करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी फावल्यावेळींच्या फुटेजचा हिशेब. मोबाइलचं ४के ३० फ्रेम, एचईव्हीसी कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), साधारण मिनिटाला १७० एमबी. म्हणजे सेकंदाला तीन एमबी पण नाहीत, तासाला १० जीबी. ६० फ्रेमवर असेल तर मिनिटाला ४००, तासाला २४ जीबी. कॅमेऱ्याचं १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. हे सगळं कुठल्याही तबकडीला सहज झेपतं. तरी पण टाइमलाइन अडखळते तेव्हा माणसं डिस्कला दोष देतात, आणि खरं म्हणजे प्रोसेसर घामाघूम झालेला असतो. एचईव्हीसी आणि एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मागच्यापुढच्या फ्रेमवरून बांधावी लागते. तुम्ही टाइमलाइन उलटी ओढलीत की बिचाऱ्याला मागे जाऊन अख्खा गट उलगडून मग तुमची एक फ्रेम दाखवावी लागते. थंडरबोल्टची कितीही महाग डिस्क लावा, हे काम हलकं होत नाही.

मग उपाय काय तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, किंवा एडिटिंगचा कोडेक. प्रोरेझ ४२२ मध्ये बदललंत तर प्रोसेसर सुटतो, पण आता डिस्कवर भार येतो. १०८० ला ३० फ्रेमवर १४७ एमबीपीएस, ते ठीक आहे, पण ४के ला ५८९ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जवळपास ७४ एमबी आणि तासाला २६५ जीबी. त्याचाच वरचा दर्जा, एचक्यू, घेतला तर ८८४, सेकंदाला ११० एमबी. म्हणजे पोर्टेबल डिस्कची एका स्ट्रीममध्येच दमछाक. दोन कॅमेरे एकावर एक ठेवलेत किंवा एक डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं येणं) टाकला, तर त्या दीड सेकंदात दोन स्ट्रीम लागतात आणि नेमकी तिथेच फ्रेम ड्रॉप.

आता "पेनड्राइव्हवरून चालेल का" चं उत्तर. मल्टिकॅम घ्या, चार कॅमेरे, प्रत्येकी साडेबारा एमबी, बेरीज ५०. डिस्क १३० देते, मग अडचण काय? अडचण ही की चारही फाइली तबकडीवर चार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि वाचणारं डोकं एकच. ते इकडून तिकडे उड्या मारतं, प्रत्येक उडीला १० ते १५ मिलिसेकंद. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदाची असते हे लक्षात घ्या, म्हणजे दोन तीन उड्यांत फ्रेमचा वेळ संपला. सॉफ्टवेअर थोडं पुढचं आधीच वाचून ठेवतं म्हणून बरंच निभावतं, पण त्यात ऑडिओच्या वेव्हफॉर्म फाइली, थंबनेल, कॅश, सगळं त्याच डिस्कवर असेल तर कान देऊन ऐका, डिस्क कर्रकर्र करायला लागते. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं डोकंच नसल्यामुळे ही उडी ०.१ मिलिसेकंदाच्या घरात. मल्टिकॅमला एसएसडीनं खरा फरक पडतो तो यामुळे, सलग स्पीडमुळे नाही.

थोडक्यात माझं मत : एकच ४ टीबीची महागडी डिस्क घेऊ नका. चालू कामासाठी १ टीबीची एसएसडी आणि साठवणीला साधी मोठी तबकडी. पैसे केबलवर घालवण्यापेक्षा इकडे घाला.

फावल्यावेळी

कटपेस्ट ताई, इतकं सविस्तर कोणी समजावलं नव्हतं, आभार. मी मल्टिकॅम फारसं करत नाही, पण मोबाइल आणि कॅमेरा एकत्र लावतो तेव्हा होतंच. कॅश म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे ठेवायचं?

कटपेस्ट

सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी ज्या फाइली बनवतं त्या. वेव्हफॉर्म, प्रीव्ह्यू रेंडर, सुरुवातीला "कन्फॉर्मिंग" असं काहीतरी करत बसतं ना ते. सेटिंगमध्ये मीडिया कॅश किंवा कॅश फाइल्स असा फोल्डर निवडता येतो. तो लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच राहू द्या, तिथे ५०-६० जीबी मोकळे ठेवा आणि प्रोजेक्ट संपला की कॅश रिकामा करा. उडवला तरी काही बिघडत नाही, पुन्हा बनतो. एवढं एक केलंत तरी बाहेरच्या तबकडीवरचा बराच ताण जातो, नवीन काही न घेता.

रात्रपाळी

+१ कॅशला. वाचनखूण साठवली.

जुनी_कॅसेट

आमच्या वेळची गंमत सांगतो. तेव्हा फायरवायर होतं. ४०० आणि नंतर ८००. यूएसबी २.० कागदावर ४८० आणि फायरवायर ४००, तरी पण व्हिडिओवाले सगळे फायरवायरच घ्यायचे, कारण ते सलग एका लयीत डेटा द्यायचं, यूएसबी २.० मात्र प्रोसेसरला सतत विचारत बसायचं आणि शेवटी ३०-४० एमबीवर येऊन थांबायचं. डीव्ही कॅसेटला लागायचे किती तर २५ एमबीपीएस, ऑडिओ धरून सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास, तासाला १३ जीबी. तेवढ्यासाठी सुद्धा कॅप्चर करताना दुसरं काही उघडायचं नाही असा नियम होता.

हे सांगायचं कारण, कोणाकडे अजून मिनी डीव्ही कॅसेट पडल्या असतील तर फायरवायरवरून यूएसबीत जाणारी जी स्वस्त केबल मिळते ती घेऊ नका. ती नुसती तार आहे, दोन्ही बाजूंचे प्रोटोकॉल वेगळे, त्यातून काहीही येत नाही. खरा फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर शोधा किंवा डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवा. कॅसेट तासाची असेल तर तास लागणारच, तिथे कुठलाच शॉर्टकट नाही.

आणि ई-साटा कोणाला आठवतंय का? आतल्या डिस्कचीच तार बाहेर काढलेली. स्पीड मस्त, पण पॉवर त्यातून जात नसल्यामुळे वेगळा अडॅप्टर. आता जुन्या डब्यांवरच दिसतं, मुद्दाम शोधत जाऊ नका.

थेट_आकाशात

माझं मत वेगळं आहे. थंडरबोल्ट एकदा घेऊन टाका, पुढची दहा वर्षं बघायला नको. उद्या ८के आलं तर? दरवेळी डिस्क बदलणार का?

खटपट्या

थेट_आकाशात, तबकडीवाली थंडरबोल्ट डिस्क एका परिस्थितीत पटते, जेव्हा डब्यात चार-पाच तबकड्या रेडमध्ये, म्हणजे मिळून एकच डिस्क असल्यासारख्या, एकत्र असतात आणि सगळ्या मिळून ८००-९०० एमबी देतात, किंवा एकामागे एक डिस्क आणि मॉनिटर एकाच पोर्टवरून साखळीने जोडायचे असतात. एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची) एसएसडी असेल तरी पटते, तिथे ४० जीबीपीएसवर २५००-२८०० एमबी मिळू शकतात. यांच्या लॅपटॉपला ना चार तबकड्या लावायच्यात ना ८के. आज जास्तीचे पैसे पुढच्या कोणत्यातरी कामासाठी गुंतवले तर तोवर एसएसडी स्वस्त झालेली असते आणि ही डिस्क म्हातारी.

अजून एक धोका. सुरुवातीच्या थंडरबोल्ट ३ एसएसडींपैकी बऱ्याच फक्त थंडरबोल्ट पोर्टवरच चालतात, साध्या यूएसबी टाइप-सीमध्ये खुपसल्या तर दिसत पण नाहीत. आकार तोच असल्यामुळे माणूस फसतो. मित्राच्या कॉम्प्युटरवर डिस्क नेऊन दाखवायची असेल तर पंचाईत. घ्यायचीच तर "यूएसबीवर पण चालते" असं स्पष्ट लिहिलेली घ्या.

२०वाल्या २बाय२ चं पण तसंच. पोर्टला ते समजत नसेल तर जोडणी १० वर उतरते, आणि बऱ्याच लॅपटॉपना ते समजत नाही, मॅकवाल्यांना तर सहसा नाहीच. थंडरबोल्ट पोर्ट आहे म्हणजे २बाय२ पण चालेल हे गृहीत धरू नका. त्यामुळे १० जीबीपीएसची एसएसडी सध्या सगळ्यात बिनघोर.

थेट_आकाशात

रेडचा मुद्दा मान्य. ८के चा अमान्य :)

फावल्यावेळी

बरं, एक नवीनच प्रकार. सध्या प्रयोगापुरती एका नातेवाइकांची जुनी १ टीबी डिस्क आणलीय, तिच्यावर "३.०" छापलंय. टाइप-सी पोर्टला लावून कॉपी केलं तर ३८ एमबीच्या वर जायला तयार नाही. फिरणारी डिस्क आहे हे मान्य, पण तुम्ही १०० च्या पुढे म्हणत होतात ना? डिस्क गेली का?

खटपट्या

३८? डिस्क ठणठणीत आहे, जोडणी यूएसबी २.० वर झालीय. ३५ ते ४० हा आकडा दिसला की दुसरं काही शोधायचंच नाही. केबल कुठली लावलीत?

फावल्यावेळी

डिस्कची ओरिजिनल केबल मिळाली नाही. डिस्कला टाइप-सीच आहे म्हणून मोबाइलच्या चार्जरची लावली.

खटपट्या

सापडला चोर. मोबाइलबरोबर येणाऱ्या टाइप-सी केबल बहुतेक करून २.० च्याच असतात, चार्जिंगला पुरतात, आत ३.० च्या तारा नसतातच. बाहेरून ओळखता येत नाही, जाड आहे म्हणून चांगली असं पण नाही. ५ किंवा १० असा आकडा छापलेली केबल आणा आणि एक मीटरच्या आत ठेवा, १० जीबीपीएसला लांब केबल मानवत नाही.

आणि त्या निळ्या पोर्टसाठी एक गंमत सांगून ठेवतो. निळ्या पोर्टमध्ये बॅटरी लावून डोकावलंत तर चार जुन्या पट्ट्या दिसतील आणि त्यांच्याशिवाय अजून पाच, त्या ३.० च्या. प्लग हळूहळू, भीतभीत सरकवला तर जुन्या चार आधी टेकतात, कॉम्प्युटरला वाटतं २.० चं काहीतरी आलं आणि तो तसाच जोडून मोकळा होतो. एका झटक्यात आत घालायचा. हसू नका, करून बघा, डिस्क तीच केबल तीच आणि स्पीड तिप्पट.

हब असेल तर तो पण काढून बघा. चार पोर्टचा हब म्हणजे एकाच पाइपचे चार वाटे, त्यावर डिस्क, कार्ड रीडर आणि वेबकॅम असेल तर कार्डातून डिस्कवर कॉपी करताना दोघं त्याच पाइपवर भांडतात.

शंकासुर

खटपट्या, विषय निघालाच आहे तर, माझी डिस्क लावली की वायरलेस माउस झटके खातो. कॉपी चालू असताना तर पॉइंटर जागचा हलत नाही. व्हायरस असेल का?

खटपट्या

व्हायरस नाही. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि तुमच्या माउसचा डोंगल पण तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर अख्खा पेपर काढलाय. डोंगल डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा छोट्या एक्स्टेंशनने फूटभर लांब न्या. शील्डिंग बरी असलेली केबल घेतलीत तर अजून कमी होईल. वायफाय २.४ वर असेल तर ५ वर न्या, ते पण सुधारेल.

शंकासुर

डोंगल पलीकडे लावला. माउस लोण्यासारखा चालतोय!! इतके दिवस माउसला शिव्या देत होतो.

टर्मिनल_उघडा

स्पीड तर्काने कशाला काढता, कॉम्प्युटरलाच विचारा. लिनक्सवर यूएसबीची झाडासारखी यादी दाखवणारी कमांड आहे, त्यात डिस्कसमोर ४८० एम दिसलं तर २.०, ५००० एम दिसलं तर ३.०, १०००० असेल तर १० जीबीपीएस. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबी खाली "अप टू ५ जीबी पर सेकंद" असं स्पष्ट येतं. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख बघत एक मोठी फाइल कॉपी करा. मोठी म्हणजे २० जीबी तरी, छोटी फाइल मेमरीत जाऊन बसते आणि खोटा आकडा दाखवते.

त्याच यादीत अजून एक बघा, ड्रायव्हर यूएएस आहे की जुना यूएसबी स्टोरेज. जुन्या पद्धतीत एक कमांड पाठवायची, ती पुरी होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. यूएएसमध्ये (यूएएसपी पण म्हणतात) कमांड एकदम रांगेत देता येतात. तबकडीला फार फरक नाही पडत, पण एसएसडी नुसत्या डब्यात बसवणार असाल तर डबा यूएएसपीवाला हवाच. टाइमलाइनवर छोट्याछोट्या तुकड्यांचं वाचन असतं त्याला ते लागतं.

फावल्यावेळी

नवीन केबल आली. तीच डिस्क, ११२ एमबी. खटपट्या तुम्ही देव आहात.

आता खरेदीकडे. १ टीबी एसएसडी, १० जीबीपीएस, हे पक्कं. तबकडी ४ टीबी अडीच इंची घेऊ की साडेतीन?

कटपेस्ट

तबकडी एका जागी ठेवायची असेल तर साडेतीन इंची. तिला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, म्हणजे अजून एक प्लग, पण यूएसबीच्या पॉवरवर अवलंबून राहत नाही. अडीच इंची केबलमधूनच वीज खाते, यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो, सुरू होताना तबकडी तेवढी ओढते. हबवर लावली की टक टक आवाज करून पुन्हा पुन्हा कनेक्ट डिस्कनेक्ट होते ती याचमुळे.

आणि दुसरं महत्त्वाचं, एसएमआर. पोर्टेबल अडीच इंचीमध्ये मोठ्या साइजच्या बऱ्याच डिस्क एसएमआर असतात, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले. वाचायला काही प्रॉब्लेम नाही. पण एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात. म्हणून डिस्क आधी नवीन डेटा एका राखीव कोपऱ्यात घेते आणि मागाहून सावकाश लावते. तो कोपरा भरला की १२० वरून धाडकन १०-२० एमबीवर, आणि तुम्ही एक्स्पोर्ट त्याच डिस्कवर देत असाल तर प्रोग्रेस बार बघत झोप लागते. साठवणीला एसएमआर चालेल, एकदा लिहा आणि ठेवून द्या. त्यावर एडिट करू नका. डेटाशीटमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर ते शोधा.

रात्रपाळी

घरात नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, ठेवला तर? सगळ्यांना एकच डिस्क, केबलची कटकटच नाही.

टर्मिनल_उघडा

साठवणीला उत्तम, एडिटिंगला बेताचं. गिगाबिट नेटवर्क म्हणजे ११०-११५ एमबी, म्हणजे एका पोर्टेबल तबकडीएवढंच, आणि वर नेटवर्कचा विलंब. प्रॉक्सीवर काम केलंत तर चालून जातं. २.५ गिगाबिट असेल तर २८० पर्यंत जातं, पण राउटर, स्विच, लॅपटॉप तिन्ही तसे हवेत. वायफायवरून टाइमलाइन चालवायचा विचार सोडून द्या.

फावल्यावेळी

फॉरमॅट कोणता करू? माझा विंडोज आहे, बहिणीकडे मॅक. डिस्क दोन्हीकडे फिरणार.

टर्मिनल_उघडा

दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅट. एनटीएफएस मॅकवर वाचता येतं, लिहिता येत नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तिचं नाव पण काढू नका.

पण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे काय लिहिणं चाललंय त्याची नोंदवही, नाही. लिहिताना केबल निघाली तर फाइलच काय, कधी कधी फोल्डरची यादीच खराब होते. त्यामुळे फिरणारी फक्त एसएसडी एक्सफॅट ठेवा आणि घरी राहणारी तबकडी एनटीएफएस. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत डिस्क "क्विक रिमूव्हल" वर असते म्हणून लोक सरळ उपटतात. कॉपी चालू नसताना उपटली तर बहुतेक वेळा काही होत नाही, पण एडिटिंग सॉफ्टवेअर उघडं असताना मागे काय लिहिणं चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. सॉफ्टवेअर बंद करा, सेफली रिमूव्ह दाबा, मग काढा.

जुनी_कॅसेट

आणि दुसरी प्रत हो! साठवणीची एकच तबकडी म्हणजे ती पडली की सगळं गेलं. तशीच अजून एक घ्या आणि दुसऱ्या घरात ठेवा. रेडचा डबा म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेली फाइल रेड तितक्याच निष्ठेने दोन्ही तबकड्यांवरून डिलीट करतो.

एक अजून. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतो, आत साटाचा (आतल्या डिस्कच्या नेहमीच्या जोडणीचा) कनेक्टर नसतो. तो सॉकेट सैल झाला तर डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालायची सोय नाही. रुंद मायक्रो-बी सॉकेट तर धक्क्याला फारच नाजूक. साडेतीन इंचीत निदान बहुतेक वेळा साधी साटा डिस्क निघते, तरी काही डब्यांत सर्किटच एन्क्रिप्शन करतं, ते पण बघून घ्या.

थेट_आकाशात

दुसऱ्या प्रतीला प्लस वन. ४ टीबी भरलेली डिस्क १२० एमबीने कॉपी करायला सव्वानऊ तास लागतात, ३८ ने २९ तासांच्या वर. रात्री लावा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करायला विसरू नका.

फावल्यावेळी

ठरलं मग. १ टीबी एसएसडी १० जीबीपीएसची चालू प्रोजेक्टला, साडेतीन इंची सीएमआर ४ टीबी साठवणीला, आणि तसलीच दुसरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रतीसाठी. कॅश आतल्या ड्राइव्हवर. तबकडी निळ्या पोर्टला, एसएसडी विजेच्या चिन्हाच्या पोर्टला, बरोबर?

शेवटची शंका. बहिणीचा नवा आयफोन १५ प्रो आहे, त्यात थेट एसएसडीवर रेकॉर्ड करता येतं म्हणे. हीच एसएसडी त्याला चालेल का?

कटपेस्ट

पोर्ट बरोबर. विजेच्या चिन्हाचा, म्हणजे थंडरबोल्टचा, पोर्ट यूएसबी एसएसडी पण घेतो, १० वर चालेल.

आयफोनला चालेल, तीन गोष्टी बघून घ्या. एक, एसएसडीला सलग २२० एमबी लिहिता आलं पाहिजे, ते १० जीबीपीएसच्या बहुतेक एसएसडीला जमतं. दोन, ४.५ वॉटच्या वर वीज खाणारी नको, नाहीतर फोन नाही म्हणतो. तीन, फोनबरोबर आलेली केबल परत २.० चीच आहे, तुमची नवीन केबल लावा. एक्सफॅट फोनला चालतं. फक्त प्रोरेझ ४के ३० ला मिनिटाला ६ जीबी जातात, म्हणजे १ टीबी पावणेतीन तासांत संपते, तेव्हा शूटिंगच्या आधी तुमचे प्रोजेक्ट त्यावरून हलवा.

फावल्यावेळी

एसएसडीचं खोकं बघितलं, ३.८ वॉट लिहिलंय. ऑर्डर टाकली.

उगाचच

आणि थंडरबोल्टचं काय ठरलं शेवटी?

खटपट्या

तुझ्यासाठी ठेवलाय.